अनेक चलांच्या बहुपदीची कोटी: घातांक का मिळवायचे?

बहुपदीत एकच चल असेल तर सर्वांत मोठा घातांक हीच तिची कोटी. चले दोन-तीन झाली की ही सवय अंगाशी येते. ७क्ष⁴ + २क्ष²·य³ − ९क्ष·य यात सर्वांत मोठा घातांक ४ दिसतो, पण कोटी ५ आहे.

आधी कंस सोडवून सरूप पदे एकत्र करा. मग एकेका पदातल्या सगळ्या चलांचे घातांक मिळवा. घातांक लिहिलेला नसेल तिथे १ धरा. वरच्या बहुपदीत या बेरजा ४, ५ आणि २ येतात. त्यांतली सर्वांत मोठी ती कोटी. तिन्ही बेरजा पुन्हा मिळवून ११ करायचे नाहीत.

पण बेरीजच का? क्ष·य = १ हे समीकरण घ्या. दोन्ही घातांक १ आहेत म्हणून याला रेषीय म्हणावेसे वाटते. आता य = क्ष ही रेषा घालून पाहा: क्ष² = १, म्हणजे क्ष = १ किंवा −१. छेदनबिंदू दोन मिळाले. वेगवेगळ्या दोन सरळ रेषा एकाहून जास्त बिंदूंत छेदूच शकत नाहीत, तेव्हा हा आलेख रेषा नव्हे. तो अपास्त (hyperbola) नावाचा वक्र आहे, वर्तुळासारखाच दुसऱ्या कोटीचा. घातांकांची बेरीज नेमके हेच सांगते. सगळी चले एकदम दुप्पट केली तरी तेच दिसते: क्ष²·य³ हे पद २⁵, म्हणजे ३२ पट होते.

चुका बहुतेक ठरलेल्या जागी होतात. २⁶·क्ष·य² ची कोटी ३; २ ही संख्या आहे, तिचा घातांक मोजायचा नाही. अ·क्ष²·य मध्ये ‘अ’ स्थिर संख्या असेल तर कोटी ३, चल असेल तर ४, म्हणून बहुपदी कोणत्या चलांत आहे हे आधी ठरवा. क्ष/य ही बहुपदीच नाही, कारण य चा घातांक −१ होतो.

सर्वांत फसवी जागा वजाबाकीची. (क्ष² + य)(क्ष² − य) − क्ष⁴ + क्ष·य² पाहून कोणीही ४ म्हणेल. कंस सोडवले की क्ष⁴ उडून जाते, क्ष·य² − य² उरते आणि कोटी ३ येते. नुसता गुणाकार असेल तर मात्र विस्ताराची गरज नाही. कोटी सरळ मिळवाव्यात. (क्ष²·य − ३)(क्ष·य³ + क्ष) ची कोटी ३ + ४ = ७.

५ सारख्या शून्येतर स्थिर बहुपदीची कोटी ०. शून्य बहुपदीची कोटी मात्र ठरवता येत नाही, आणि कारण याच गुणाकाराच्या नियमात आहे. ती ‘न’ ही एखादी संख्या आहे असे मानले, तर ० × क्ष ची कोटी ‘न’ + १ यायला हवी. पण तो गुणाकार पुन्हा ० च येतो, म्हणजे कोटी ‘न’ च राहायला हवी, आणि ‘न’ व ‘न’ + १ सारखे असू शकत नाहीत.