मुंबईतील खनिज तेल व नैसर्गिक वायू : वाहतूक आणि साठवण

मुंबईला कच्चे तेल दोन वाटांनी मिळते. एक वाट बंदरात लागणाऱ्या टँकर जहाजांची, दुसरी अरबी समुद्राच्या तळावरून आलेल्या नळवाहिन्यांची.

पहिली वाट जुनी आहे. 1954-55 मध्ये चेंबूरजवळच्या माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. त्यांच्यासाठी जहाजे लागतात ती जवाहर द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या बुचर बेटाला. घारापुरीच्या लाँचमधून त्याच्या टाक्या स्पष्ट दिसतात. जहाजातून उपसलेले तेल बंदराच्या तळातून नळाने माहुलला जाते.

दुसरी वाट ‘सागर सम्राट’ने उघडली. समुद्रतळात विहीर खोदणाऱ्या या रिगने 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला तेल भर समुद्रात जहाजांत भरावे लागे. 1978 मध्ये उरणपर्यंत नळवाहिनी आली आणि पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रावरचे हे अवलंबन संपले. उरणला तेलात विरघळलेला वायू वेगळा काढतात, कारण तो तसाच राहिला तर टाकीत उसळून बाहेर पडतो आणि धोका वाढतो.

साठवणीतला मुख्य शत्रू बाष्प. म्हणून कच्च्या तेलाच्या टाकीचे छप्पर तेलावरच तरंगते. पातळी उतरली की तेही उतरते आणि मध्ये बाष्पाला जागा उरत नाही. टाकीभोवती बांध असतो, टाकी फुटली तर तेल त्यातच अडावे म्हणून. तरीही ऑक्टोबर 2017 मध्ये जवाहर द्वीपावरच्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि आग काही दिवस धुमसत राहिली. भोवती पाणी होते, लोकवस्ती नव्हती, हे फार महत्त्वाचे ठरले.

माहुलला ती मोकळीक नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तिथल्या कुटुंबांना कारखाने व टाक्यांच्या शेजारच्या इमारतींत घरे देण्यात आली. हवेच्या त्रासाने ती कुटुंबे आजारी पडू लागली आणि त्यांनी मोठा लढा दिला. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. टाक्यांपासून किती अंतर सोडायचे हा प्रश्न अभियांत्रिकीइतकाच माणसांचा आहे, आणि इथे तो उशिरा विचारला गेला.

नैसर्गिक वायूची गोष्ट वेगळी. जहाजाने नेण्यासाठी तो द्रवरूप करायचा तर उणे 162 अंश सेल्सियसपर्यंत थंड करावा लागतो. तेव्हा त्याचे आकारमान सुमारे सहाशेपट घटते. शहरात मात्र तो नळांतूनच फिरतो, आणि दाबाखालचे ते नळच त्याचे कोठार. 1995 मध्ये स्थापन झालेली महानगर गॅस कंपनी घरांना अगदी कमी दाबाने आणि सीएनजी पंपांवर तो सुमारे 200 बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशेपट, दाबून पुरवते. मुख्य वाहिनीत कुठे बिघाड झाला की हे कोठार लवकर रिकामे होते आणि पंपावर रिक्षांची रांग लागते. रिक्षावाले तेवढेच सांगतात, “प्रेशर नाही.”