दुखतंय अंग, मग कॉइल डोक्यावर का?

फायब्रोमायाल्जिया या अंगदुखीच्या आजाराच्या रुग्णाची फाइल जाडजूड असते आणि तिच्यात सापडत काहीच नाही. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, एमआरआयही नॉर्मल. इकडे मान, खांदे, पाठ, मांड्या महिनोन्महिने ठणकत असतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं. एव्हाना घरचे 'मनाचे खेळ' म्हणू लागलेले असतात.

मनाचे खेळ नाहीत, हे २००२ साली रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूचा स्कॅन घ्यायचा, असा तो प्रयोग. निरोगी माणसाला जेमतेम जाणवणाऱ्या दाबानेच रुग्णांच्या मेंदूतली वेदनेशी संबंधित क्षेत्रं जागी होत होती. स्नायूंत दोष नाही. दोष आहे तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. मग उपचारही तिथेच का करू नये?

त्यासाठीचं एक साधन म्हणजे टीएमएस, अर्थात ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. तत्त्व फॅरडेचं, १८३१ सालचं: चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. इथे वाहक आहे मेंदू. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरून माणसाचा हात हलवून दाखवला. ना कवटी उघडावी लागली, ना सुई टोचावी लागली.

पहिल्या बैठकीत जागा शोधण्यातच बराच वेळ जातो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला थोडी थोडी सरकवत नेतात. टक्, टक् असा आवाज येत राहतो आणि एका ठिकाणी उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. मोटर कॉर्टेक्समधली, म्हणजे हालचालींच्या पट्ट्यातली, हवी ती जागा सापडली. मग ताकद कमी करत जातात. दहापैकी पाच वेळा अंगठा हलला की तो त्या रुग्णाचा उंबरठा. उपचार सहसा त्याच्या ८० ते ९० टक्के ताकदीने देतात, त्यामुळे अंगठा स्वस्थ राहतो. सेकंदाला १० चुंबकीय ठोके, काही सेकंद, मग विश्रांती, की पुन्हा ठोके. आवाज चांगलाच मोठा असतो, म्हणून कानात बोळे.

पण वेदना कमी करायची तर हालचालीचं केंद्र कशाला? मला या विषयातली सर्वांत रंजक गोष्ट हीच वाटते. १९९१ मध्ये जपानमधल्या त्सुबोकावा यांनी पक्षाघातानंतरच्या हट्टी वेदनेवर मोटर कॉर्टेक्सवर इलेक्ट्रोड बसवून आराम मिळवला होता. या भागातून मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमसकडे आणि मेंदूच्या देठाकडे तंतू जातात, आणि वेदनेला आवर घालणारी शरीराची स्वतःची यंत्रणा तिथेच आहे. २०११ च्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना आधी नॅलोक्झोन, म्हणजे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारं औषध, दिलं. मोटर कॉर्टेक्सवरच्या टीएमएसचा वेदनाशामक परिणाम घटला. म्हणजे कॉइल शरीराचीच वेदनाशामकं कामाला लावते. म्हणूनच बहुधा डाव्या बाजूला ठोके देऊनही आराम अंगभर मिळतो. २००७ च्या एका फ्रेंच अभ्यासात ३० रुग्णांमध्ये तसाच आराम दिसला होता.

दुसरं साधन टीडीसीएस, अर्थात ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. खारट पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर, साधारण २० मिनिटं आणि जेमतेम २ मिलिअँपिअरचा प्रवाह. तो पेशींना पेटवत नाही, फक्त त्यांची तयारी कमीजास्त करतो. यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत. पण २०१८ मध्ये मृतदेहांवर केलेल्या मोजमापात जवळजवळ तीन चतुर्थांश प्रवाह कातडी आणि कवटीतच जिरतो असं दिसलं. त्यामुळे याच्या दाव्यांकडे मी जरा जास्तच सावधपणे बघते.

खरी अडचण मात्र उपयोग सिद्ध करण्यात आहे. तुलनेसाठी खोटा उपचार द्यावा लागतो: कॉइल नुसतीच टकटकते, किंवा टीडीसीएसचा प्रवाह अर्धा मिनिट चालू करून, डोक्याच्या कातडीला मुंग्या आल्या की गुपचूप बंद करतात. आणि खोटा उपचार मिळालेल्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं! रोज कुणीतरी तासभर लक्ष देतंय याचाही गुण येतोच. याचा अर्थ वेदना खोटी होती असा काढणं चूक आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्याने सर्व जुनाट वेदनांचे अभ्यास एकत्र पाहिले आणि मोटर कॉर्टेक्सवरच्या टीएमएसचा फायदा छोटा, थोड्या काळापुरता आणि पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये फायब्रोमायाल्जिया वेगळा काढून पाहिला, तेव्हा टीएमएसच्या पारड्यात 'बहुधा उपयुक्त' असा शेरा पडला. मला दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी पटतात. सरासरी छोटी असते तेव्हा तिच्यात चांगला फरक पडलेले आणि अजिबात न पडलेले, दोघेही असू शकतात.

परिणाम टिकवायचा तर पुन्हा पुन्हा बैठका घ्याव्या लागतात. शिवाय २०१६ च्या युरोपीय शिफारशींत ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला, तीही औषधांच्या डोक्यावर पाय देऊन. तेव्हा टीएमएसने दुखणं थोडं उतरलं तर त्या उसंतीत चालायला लागणं, हाच मला त्याचा सर्वांत चांगला उपयोग वाटतो.

डोक्यात धातूची क्लिप, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. टीएमएसने क्वचित फिट येऊ शकते. घरच्या घरी टीडीसीएसचे प्रयोग करणाऱ्यांच्या वाट्याला तर याहून साधं संकट येतं: स्पंज वाळतो आणि डोक्याची कातडी भाजते.