गोव्यातील पायवाटा

खाजनांचे बांध, नदीकाठ, कुळागरे, जांभ्याचे सडे (उघडी पठारे) आणि जुनी गावे जोडणाऱ्या गोव्यातील पायी चालण्याच्या वाटा. गोव्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,७०२ चौ. किमी. आहे. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री. मधल्या पट्ट्यात बुटके डोंगर, त्यांच्या पायथ्याची भातशेते आणि भरती-ओहोटीने फुगणाऱ्या व ओसरणाऱ्या नद्या. या नोंदीत मुख्यतः या मधल्या पट्ट्यातील वाटांचा विचार केला आहे. त्यांतील एकही वाट फिरण्याच्या हौसेने आखलेली नाही. खारे पाणी अडवायला बांध घातला, म्हणून त्यावरून चालता आले. झरीचे पाणी बागेत आणायला पाट काढला आणि त्याच्या काठाने पाऊलवाट पडली. देव नदीपार न्यावा लागला, तेव्हा भक्तांनाही त्याच्या मागून जावे लागले. म्हणून गोव्याची पायवाट समजून घ्यायची तर आधी तिच्याखालचे काम समजून घ्यावे लागते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते खाजनात. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांधाने सोडवलेली सखल जमीन. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या, गोव्यावर राज्य करणाऱ्या भोज घराण्याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ असा शब्द येतो, म्हणजे ही रीत दीड हजार वर्षांची तरी आहे. आज राज्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर धरली जाते. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा या तालुक्यांत ती ठळकपणे दिसते. बांध चिखलमातीचा असतो आणि पाण्याची धडक बसते तिथे त्याला चिऱ्यांचे अस्तर देतात. बाहेरच्या अंगाची खारफुटी लाटांचा मारा आपल्या अंगावर घेते. बांधात ठरावीक जागी ‘मानस’ असते: लाकडी झडपांचे दार. भरती चढू लागली की पाण्याच्याच दाबाने झडपा मिटतात. ओहोटीला शेतातले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. दार उघडायला माणूस लागत नाही, पण दाराकडे रोज लक्ष ठेवायला लागतो. मानसीच्या आतल्या बाजूला पाण्याचा खोलगट साठा राहतो, त्याला ‘पोय’ म्हणतात. तिथली मासळी धरण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी (लिलाव) होते आणि त्या पैशांतून बांधाची डागडुजी निघते.

अशा बांधावर भरतीच्या वेळी एकदा तरी उभे राहावे. एका बाजूला नदी काठोकाठ भरलेली असते आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे तिच्या पाण्याहून खाली असतात. मधली दोन-चार हातांची मातीची पट्टी एवढीच काय ती सीमा, आणि तीच वाट. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन जातो आणि कोरगूट हे खारट जमिनीत तगणारे भात पिकते. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी झाली की शेते मोकळी होतात. त्यानंतर बांधांवरून चालणे सर्वांत सुखाचे. बगळे, ढोकरी, खंड्या हे सोबतीला असतातच. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीतच डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौ. किमी.चे. तिथे पोचायला रायबंदरहून फेरीबोट मिळते. गोव्यातल्या पुष्कळ वाटा अशा नदीवर थांबतात आणि पलीकडच्या धक्क्यावर पुन्हा सुरू होतात. पणजी ते रायबंदर हा सुमारे ३ किमी.चा दगडी बांधरस्ता मात्र कोरडाच पार होतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काउंटच्या कारकिर्दीत, १६३३–३४च्या सुमारास तो उभा राहिला आणि आजही वाहता आहे. त्यावर आता वाहनांची इतकी गर्दी असते की चालणाऱ्याने पहाटच गाठावी.

एकच वाट निवडायची झाली, तर प्रस्तुत लेखक जुने गोवे–दिवाडी–नार्वे ही निवडील. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी ओलांडली की दिवाडी बेटावर उतरता येते. समोर खाजनाची सपाट शेते आणि पलीकडे पिएदादची टेकडी. टेकडीवर चर्च आहे. शेजारच्या स्मशानभूमीतील छोट्या चॅपेलमध्ये कदंबकालीन मंदिराचे कोरीव अवशेष टिकून आहेत. टेकडीवरून मांडवीचे फाटे आणि पलीकडच्या जुन्या गोव्याचे बुरूज एका नजरेत येतात. पुढे उत्तर टोकाला नार्वे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथले. बहामनी सत्तेत हे देऊळ मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने १३९१मध्ये ते पुन्हा उभारले, १५४०मध्ये पोर्तुगीजांनी पाडले. भाविकांनी लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेले आणि त्या गावालाही नार्वे हेच नाव चिकटले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये तिथे मंदिराचा जीर्णोद्धार करविला. बेटावर कोटितीर्थ नावाची तळी मागे राहिली. आजही नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागते, म्हणजे देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून माणसाला त्याच्यापर्यंत जाता येते. गोव्याच्या इतिहासातील एवढा मोठा प्रसंग अर्ध्या दिवसात पायांखालून जातो, अशी दुसरी वाट ठाऊक नाही.

झुआरीच्या पलीकडेही असेच घडले. सोळाव्या शतकात सासष्टी आणि आसपासच्या गावांतले देव नदी ओलांडून फोंड्याच्या डोंगरांआड आले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. बांदोड्याचा नागेश मात्र आपल्या मूळ जागीच आहे. तिथे १४१३चा शिलालेख आहे. मंगेशी, म्हार्दोळ, बांदोडे आणि कवळे यांमधल्या जुन्या वाटा कुळागरांतून जातात. कुळागर म्हणजे डोंगराच्या कुशीतली पोफळी, माड, केळी आणि मिरवेलींची बाग. वरच्या झरीचे पाणी पाटाने झाडाझाडाला फिरवलेले असते. एप्रिलच्या उन्हातही आत शिरताच थंडावा लागतो. या बागा खासगी आहेत, त्यामुळे घरातल्या माणसाला विचारूनच आत पाऊल टाकावे. विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट पाणी पुढे येते.

दक्षिणेला कुशावतीचा काठ वेगळ्या कारणाने महत्त्वाचा. सांगे तालुक्यात उसगाळीमळ येथे नदीकाठच्या जांभ्याच्या कातळावर शंभराहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत: बैल, हरणे, मोर, माणसे आणि एक मोठा चक्रव्यूह. १९९३मध्ये अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले; गावातल्या गुराख्यांना त्या आधीपासून माहीत होत्या. जवळच रिवणला खोदलेल्या गुंफा आहेत. हीच नदी पुढे चांदरला पोचते. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, गोव्याच्या पहिल्या राजधान्यांपैकी एक. गावात उत्खननातून निघालेला मंदिराचा पाया आणि शिर तुटलेला नंदी पाहायला मिळतो. उत्तरेला हरवळ्याची लेणी व धबधबा, बार्देशात हळदोण्याजवळचा कोरजुव्याचा छोटा किल्ला, पूर्वेला घाटाच्या पायथ्याशी १२व्या–१३व्या शतकातील तांबडी सुर्लाचे महादेव मंदिर, हीही चालत पाहण्याजोगी ठिकाणे.

वाटेवर खुणा लागतात त्याही गोव्याच्याच. तिठ्यावर खुरीस (क्रूस), घरापुढे तुळस, वडाखाली राखणदाराचा दगड. रात्री देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, गावाच्या सीमेवरून आणि बांधांवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, अशी श्रद्धा हिंदू आणि ख्रिस्ती दोघांतही आहे. वेताळालाही गावभर फिरून वहाणा झिजतात म्हणून नव्या वहाणा वाहतात. आमोणे आणि लोलये येथील वेताळ प्रसिद्ध आहेत. ख्रिस्ती घरांच्या बलकांवात (पुढच्या ओसरीत) बसलेली वडीलधारी माणसे येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘खंय वता?’ (कुठे जाता?) म्हणून हटकतात. तो नुसता प्रश्न नव्हे, ती ओळख करून घेण्याची रीत आहे. थांबून उत्तर द्यावे. सामूहिक चालीचीही परंपरा आहे. आषाढीला गोव्यातून दिंड्या पंढरपूरला पायी जातात आणि ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तासाठी गावोगावचे भाविक जुन्या गोव्याला चालत येतात.

चालण्याचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन कडक होते. तेव्हा डोंगरावर काजूच्या बोंडांचा वास दरवळतो, पण सड्यावर सावली नसते. पावसाळ्यात बांध निसरडे असतात आणि कडेची माती पोखरलेली असली तरी वरून कळत नाही. भरतीची वेळ गावात विचारून निघावे, मानसीच्या झडपांना हात लावू नये, उभ्या पिकातून वाट काढू नये.

पूर्वी बांधांची देखभाल गावकरी, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हटले गेले ती ग्रामसंस्था, पाहत असे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही गावांत ती नेटाने पाळली जाते; अनेक ठिकाणी शेती पडीक पडली, मासळीचे उत्पन्न मोठे म्हणून मानस मुद्दाम उघडी ठेवली गेली, आणि बांध खचले. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत खाजनांची स्वतंत्र दखल घेतली गेली, ही मोलाची गोष्ट; पण बांधावर माती टाकणारे हात कमी झाले आहेत, आणि खरी चिंता तीच आहे. एक भगदाड पडले की खारे पाणी शेतात घुसते, दोन-तीन वर्षांत भाताच्या जागी खारफुटी उगवते आणि पलीकडच्या वाड्यावर जायला डांबरी रस्त्याचा वळसा घ्यावा लागतो.