रासायनिक अभिक्रिया आणि तिचं समीकरण

रासायनिक अभिक्रिया, म्हणजे सेमीची पोरं ज्याला सरळ रिअॅक्शन म्हणतात ती, हा असा बदल आहे की ज्यात आधीचे पदार्थ जाऊन वेगळ्याच गुणधर्मांचे नवे पदार्थ तयार होतात, आणि समीकरण म्हणजे त्या सगळ्याचा एका ओळीत मांडलेला हिशोब. आधी असतात ती अभिकारकं, नंतर मिळतात ती उत्पादितं, मध्ये बाण. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात यावर अख्खा धडा आहे, पण विषयाची खरी सुरुवात त्याच्या बरीच आधी होते, कुठला बदल भौतिक आणि कुठला रासायनिक हे डोळ्यांनी ओळखण्यापासून.

आणि ते ओळखायला कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळासारखी दुसरी जागा नाही. काहिलीत रस उकळतोय, पाण्याची वाफ होऊन चाललीय, तर हा भौतिक बदल, कारण वाफ झाली तरी पाणी ते पाणीच. खाली चुलवाणात चिपाडं जळतायत, त्यांचा धूर आणि राख झाली, ती परत चिपाडं होणार नाहीत, म्हणजे हा रासायनिक. खरी मजा मात्र काहिलीच्या आतच आहे. उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी असतो आणि आम्लात तापवलं की साखर फुटते, सुक्रोज आणि पाणी मिळून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि हे दोन जास्त झाले की गूळ चिकट राहतो, नीट घट्ट बसत नाही. म्हणून गुळव्या रसात चुना घालतो. चुना ते आम्ल मारतो, याला पुस्तकात उदासिनीकरण म्हणतात, शिवाय रसातल्या फॉस्फेटशी जुळून कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ होतो आणि तो बारीक घाण स्वतःबरोबर ओढतो, भेंडीचा चिक त्याला मदत करतो, मग मळी वर येते ती झाऱ्यानं काढून टाकायची. चुना जास्त पडला तर गूळ काळपट होतो, म्हणजे प्रमाण किती महत्त्वाचं हे गुळव्याला समीकरण न लिहिता माहीत असतं.

आता लिहायचं कसं. माझं स्पष्ट मत असं की फळ्यावर पहिल्याच दिवशी चिन्हं मांडायची नाहीत. आधी बघायचं, मग साध्या मराठीत वाक्य लिहायचं, मग शब्द समीकरण आणि सगळ्यात शेवटी चिन्हं. उदाहरणाला चुनाच घेऊ. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशाला भाजली की चुनकळी उरते आणि कार्बन डायऑक्साईड उडून जातो (सीए म्हणजे कॅल्शियम, सी कार्बन, ओ ऑक्सिजन, एच हायड्रोजन):

सीएसीओ₃ → सीएओ + सीओ₂

चुनकळी पाण्यात टाकली की सूं सूं करत उकळी फुटते, एवढी उष्णता बाहेर पडते, म्हणून ही उष्मादायी अभिक्रिया (पोरांना हे लांबूनच दाखवायचं, डोळ्यात उडालं तर फार वाईट इजा होते):

सीएओ + एच₂ओ → सीए(ओएच)₂

यातलं शेवटचं, म्हणजे विरलेला चुना, वाचताना पोरं सीए ओएच होल ट्वाईस म्हणतात. हाच चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतो आणि परत चुनखडी होतो, चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकलं की ती दुधाळ होते तीसुद्धा हीच अभिक्रिया:

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीएसीओ₃ + एच₂ओ

वजनाचा हिशोब घाला. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीची ५६ ग्रॅम चुनकळी होते, ४४ ग्रॅम वायू उडतो. ५६ मध्ये १८ ग्रॅम पाणी गेलं की ७४, त्यात भिंतीवर हवेतले ४४ आले की ११८, त्यातलं १८ पाणी सुकून गेलं की परत १००. एक ग्रॅम इकडचा तिकडं नाही. हे एकदा वहीत स्वतःच्या हातानं बेरीज करून बघितलं की समीकरण संतुलित, म्हणजे बाणाच्या दोन्हीकडं प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तेवढेच, का असायला पाहिजे हे वेगळं सांगावं लागत नाही.

वरची तिन्ही आपोआप संतुलित आहेत, सगळी तशी नसतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी, एच₂ + ओ₂ → एच₂ओ असं लिहिलं तर डावीकडं ऑक्सिजन दोन आणि उजवीकडं एकच. इथं हमखास होणारी चूक म्हणजे पोरगं पटकन उजवीकडं एच₂ओ₂ करून टाकतं, आणि अणू जुळतात पण, पण ते पाणी राहत नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साईड झालं, जखम धुवायला वापरतात ते. खालचा छोटा आकडा म्हणजे पदार्थाची ओळख, त्याला हात लावायचा नाही, फक्त पुढचा मोठा आकडा बदलायचा: २एच₂ + ओ₂ → २एच₂ओ. गॅसच्या सिलिंडरमधल्या प्रोपेनचं जरा मोठं आहे, सी₃एच₈ + ५ओ₂ → ३सीओ₂ + ४एच₂ओ, यात आधी कार्बन, मग हायड्रोजन आणि ऑक्सिजन शेवटी जुळवायचा, कारण तो एकटा मोकळा आहे, त्याचा आकडा बदलला तरी दुसरं काही बिघडत नाही.

इतिहास थोडक्यात. अभिक्रियेचं पहिलं आकृतीसारखं समीकरण १६१५ मध्ये फ्रान्सच्या झाँ बेगँनं मांडलं, वस्तुमान टिकून राहतं हा नियम लाव्हाझिएनं १७८९ च्या ग्रंथात ठामपणे सांगितला आणि अक्षरांची चिन्हं स्वीडनच्या बर्झेलियसनं १८१३-१४ च्या सुमारास दिली. त्यानं लॅटिन नावं धरली, म्हणून चांदीचं चिन्ह एजी, अर्जेंटमवरून.

चांदी म्हटलं की हुपरी, कोल्हापूर जिल्ह्यातलं चांदीच्या दागिन्यांचं गाव. तिथल्या पैंजणांना काळेपणा येतो तो मळ नव्हे, हवेतल्या हायड्रोजन सल्फाईडनं झालेलं सिल्व्हर सल्फाईड: ४एजी + २एच₂एस + ओ₂ → २एजी₂एस + २एच₂ओ. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत क्युपोला भट्टी, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, असेल तर त्यात कोकबरोबर चुनखडी टाकतात, तिची चुनकळी होऊन वाळूशी म्हणजे सिलिकाशी जुळते आणि वितळलेला स्लॅग होऊन वर तरंगते, सीएओ + एसआयओ₂ → सीएएसआयओ₃, अगदी काहिलीतल्या मळीसारखं. कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचे केससुद्धा आधी चुन्यात भिजवूनच सैल करतात, बाभळीची साल आणि हिरडा नंतर.

समीकरण सगळं सांगत नाही हेही पोरांना कळायला पाहिजे. सुक्रोज फुटतं त्याचं समीकरण बघा, सी₁₂एच₂₂ओ₁₁ + एच₂ओ → सी₆एच₁₂ओ₆ + सी₆एच₁₂ओ₆, उजवीकडं दोन्ही सारखेच दिसतात, पण एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, अणू तेवढेच, रचना वेगळी, गोडीसुद्धा वेगळी. पदार्थ स्थायू, द्रव, वायू का पाण्यातलं द्रावण हे बाजूला कंसात लिहिलं तरच कळतं, उष्णता लागते हे बाणावर त्रिकोण काढला तर. आणि वेळ तर कुठंच लिहिलेला नसतो. चुन्याच्या निवळीत फुंकलं तर मिनिटभरात दुधाळ होते, भिंतीवरचा चुना तीच अभिक्रिया करत आतपर्यंत घट्ट व्हायला कितीतरी दिवस घेतो, आणि बाण दोन्ही ठिकाणी सारखाच.