८७ पट लहान अल्को: डब्ल्यूडीएम-२ चं एचओ मॉडेल

पुणे किंवा कल्याणच्या डिझेल शेडजवळ वाढलेल्यांच्या कानांत अल्कोची घरघर पक्की बसलेली असते. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे तेच इंजिन. आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ साली तिथून आली, १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२.८ टन.

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, १७.१ मीटर लांबीचे १९७ मिलिमीटर होतात. पेच पडतो तो रुळांपाशी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, ८७ नं भागलं की १९.३. बाजारातले एचओ रूळ मात्र १६.५ चे, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले आहेत. समोरून पाहिलं की चाकं पोटाखाली ओढलेली दिसतात. बोगीच्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या, बाजूच्या चौकटी तरी खऱ्या रुंदीवरच लावा, निम्मा दोष झाकला जातो. आणि या इंजिनाच्या ट्रायमाउंट बोगीच्या तीन आसांमधली (चाकं जोडणाऱ्या दांड्यांमधली) दोन अंतरं सारखी नसतात. समान अंतराची आयती बोगी बसवली, तर रंगकाम कितीही सुरेख असो, जाणकाराची नजर तिथेच अडते.

वजनाचं गणित याहून मजेशीर आहे. लांबी ८७ पट घटली की वजन ८७ च्या घनानं, साडेसहा लाख पटींहून जास्त घटतं. हिशोबानं मॉडेल भरतं जेमतेम १७१ ग्रॅम! पण डब्यांच्या आसांचं घर्षण त्या प्रमाणात कमी होत नाही. चढ लागला की चाकं जागीच गरगरतात. म्हणून शिशाच्या पट्ट्या घालून वजन ३५०-४०० ग्रॅमपर्यंत न्यावं, दोन्ही बोगींवर सारखं वाटून. एक बाजू हलकी राहिली तर तिकडची चाकं रुळावर नीट टेकत नाहीत, रुळांतून मिळणारी वीज तुटते आणि इंजिन झटके खातं.

ब्रॉडगेजचं सर्वांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं, मॉडेलमध्ये २ मीटर. घरात एवढी जागा कुठली? ४५ सेंटिमीटरच्या वळणावर बोगी पुढच्या काऊकॅचरला, म्हणजे रुळावरचे अडथळे बाजूला सारणाऱ्या जाळीला, घासते. मग काऊकॅचर आतून तासावा लागतो. जमल्यास ६० च्या खाली जाऊ नये.

राहिला आवाज. नॉच, म्हणजे चालकाच्या हाताशी असलेल्या शक्तीच्या दांड्याचा टप्पा, वाढवला की खऱ्या इंजिनात डिझेल लगेच वाढतं, हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला मात्र वेळ लागतो; हवा अपुरी पडते आणि काळा धूर उसळतो. तो क्षण मॉडेलमध्ये हवा असेल तर साउंड डिकोडरमध्ये (मॉडेलचा वेग आणि आवाज सांभाळणाऱ्या चिपमध्ये) सीव्ही ३ चं, म्हणजे वेग किती हळू वाढावा हे ठरवणाऱ्या सेटिंगचं, मूल्य वाढवा: आधी घरघर चढते, चाकं मागून हलतात.