ल्युपस आणि हृदय: ‘एवढ्या लहान वयात हार्ट अटॅक कसा येईल?’

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) म्हणजे गालांवरचे लाल चट्टे, सांधेदुखी, फार तर किडनीचा त्रास. आणि हृदयविकार म्हणजे साठीनंतरचं दुखणं. हा समज काही केल्या हटत नाही. तो चुकीचा आहे, हे कळूनही जमाना झाला.

१९७६ साली टोरांटोत मरे युरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या मृत्यूंची कारणं तपासली. सुरुवातीचे मृत्यू भडकलेल्या आजाराने आणि जंतुसंसर्गाने झाले होते. पण बऱ्याच वर्षांनंतर, ल्युपस शांत असताना दगावलेल्यांमध्ये हार्ट अटॅक ठळकपणे दिसला. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सुमारे ५०० ल्युपसग्रस्त स्त्रियांची तुलना फ्रेमिंगहॅम या गावातल्या हृदयविकाराच्या दीर्घ अभ्यासातल्या सर्वसामान्य स्त्रियांशी झाली. ३५ ते ४४ या वयोगटात हार्ट अटॅकचं प्रमाण ५० पटींहून जास्त निघालं. (या वयात एरवी अटॅक क्वचितच येतो, म्हणून आकडा एवढा फुगलेला दिसतो. धोका मात्र खराच.)

‘हे सगळं स्टेरॉइडमुळे’ हे अर्धसत्य. ल्युपसवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल वाढू शकतं. पण आजाराची सततची सूजही रक्तवाहिन्यांचं अस्तर पोखरत असते. म्हणून घाबरून गोळ्या परस्पर बंद केल्या तर ते अंगाशी येतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आणखी एक गोम: वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवरून धोका मोजणारी नेहमीची कोष्टकं ल्युपसमध्ये तो कमीच दाखवतात. छातीत दुखलं की ‘ल्युपसचंच असेल’ म्हणून थांबू नका, लगेच ईसीजी काढून घ्या.