अवकाशातली तार: डायनॅमो कधी, मोटार कधी?

डायनॅमो आणि मोटार आतून एकच, वेटोळं आणि चुंबक, हे बेळगावच्या उद्यमबागेत रिवाइंडिंग करणाऱ्याला सांगावं लागत नाही. उपग्रहाला जोडलेली काही किलोमीटर लांबीची विद्युतवाहक तारही अशीच दोन कामं करते. त्यांची सरमिसळ झाली की 'तार फुकट वीज देते आणि यानही पुढे ढकलते' असं सांगितलं जातं. एका वेळी त्यातलं एकच होतं.

5 किमीची तार धरू. गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे ती उभी ताणलेली राहते. यानाचा वेग सेकंदाला 7.5 किमी, पृथ्वीचं चुंबकक्षेत्र साधारण 30 मायक्रोटेस्ला. पूर्वेकडे जाणाऱ्या यानाच्या तारेत जास्तीत जास्त 1125 व्होल्ट तयार होतात.

डायनॅमो म्हणून वापरताना वरचं टोक धन होतं आणि भोवतीच्या प्लाझ्मातले (विद्युतभारित कणांच्या विरळ वायूतले) इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ते तारेतून खाली उतरतात, खालचा कॅथोड त्यांना बाहेर सोडतो आणि सर्किट आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या अशा प्लाझ्मा असलेल्या वरच्या थरातून, पूर्ण होतं. प्रवाह 1 अँपिअर असेल तर 1125 वॅट निघतात, त्यातले काही तारेतच उष्णता होऊन जातात. त्याच वेळी तारेवर मागे ओढणारं 0.15 न्यूटन बल येतं. त्याला वेगाने गुणा: पुन्हा 1125 वॅट. म्हणजे ही वीज कक्षेच्या ऊर्जेतूनच येते आणि यान खाली येत जातं. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की चढावर पेडल जड होतं, तेच इथे. निकामी उपग्रह खाली आणायला मात्र हा ब्रेक फार उपयोगी.

मोटार करायची तर प्रवाह उलटा हवा. उसाच्या पंपाच्या दोन फेज अदलाबदल केल्या की तो उलटा फिरतो, तसं इथे नुसती टोकं बदलून भागत नाही. तारेत 1125 व्होल्ट आधीच विरोधात उभे असतात. 12 व्होल्टची बॅटरी भरायला चार्जर तिच्याहून वर जावा लागतो, तसाच हा प्रकार. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध सुमारे 140 ओहम. म्हणजे 1 अँपिअरला आणखी 140 व्होल्ट, वर टोकांवरचं नुकसान. सौर पॅनेलकडून 1300 व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो. त्यातून मिळतं तेच 0.15 न्यूटन, साधारण 15 ग्रॅम वजनाइतकं. पण ढकलण्यासाठी इंधन जाळावं लागत नाही आणि बल महिनोन्‌महिने लावता येतं, म्हणून मला हीच बाजू जास्त मोलाची वाटते.

इथे इलेक्ट्रॉन खाली गोळा होऊन वर सोडले जातात. दोन्ही कामं हवी असतील तर कॅथोड दोन्ही टोकांना लागतो. 1993 च्या प्लाझ्मा मोटर जनरेटर प्रयोगात 500 मीटर तारेवर दोन्ही प्रकार चालवून दाखवले गेले.

तार ॲल्युमिनियमची का? तेवढ्याच रोधासाठी तांब्याच्या निम्मं वजन. वरची 5 किमी तार जेमतेम 13.5 किलोची.

बिघाड बहुधा यंत्राच्या साध्या भागात होतो. 1992 मध्ये अटलांटिस शटलवरून सोडलेली तार 256 मीटरवर अडकली, कारण रिळाच्या यंत्रणेत बाहेर आलेला एक बोल्ट. 1996 मध्ये कोलंबियावरून 19.7 किमी तार सुटली, म्हणजे बेळगाव शहरातून सांबऱ्याला जाऊन परत येण्याइतकी. दाब 3500 व्होल्टवर गेला, इन्सुलेशनला पडलेल्या छिद्रातून ठिणगी उडाली आणि तार जळून तुटली.

ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत दोन्ही प्रकार लंगडे पडतात. तिथे यान चुंबकरेषांच्या दिशेनेच धावतं, त्यामुळे व्होल्टेज नाममात्र येतं. बाहेरून प्रवाह दिला तरी बल बाजूला लागतं, वेग फारसा बदलत नाही.